भागोजीच्या गोळ्यांचा कौल

भागोजी रत्नागिरीच्या मनोरुग्णांच्या मोठ्या इस्पितळातून बरा होऊन आला, तेव्हा गावाने त्याला भजनात पुन्हा मृदंगावर बसवलं. गोळ्या मात्र दर महिन्याला रत्नागिरीहूनच आणायच्या. एसटीत इस्पितळाचं तिकीट मागितलं की कंडक्टर विचारायचा, "एकेरी देऊ की परतीचं?" सगळी गाडी हसायची. भागोजीने जाणं सोडलं. गोळ्या संपल्या, झोप उडाली, आणि एका दुपारी तो विहिरीच्या काठावर उभा राहून आत कोणाशी तरी भांडताना सापडला.

त्याची बायको हौसा इस्पितळातल्या डॉक्टरांना जाऊन भेटली. त्यांनी आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याला कळवलं, याच गोळ्या तिथे द्या, झोपेची चौकशी ठेवा, बिघडलं तर आमच्याकडे धाडा. भागोजी पुन्हा मार्गी लागला. मार्गी लागला आणि म्हणू लागला, बऱ्या माणसाला गोळी कशाला? हौसाने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. शेवटी म्हणाला, कौल लावा, देव सांगेल ते करीन.

देवाचा गुरव मीच. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि वाट पाहायची; उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हौसा आदल्या दिवशीच येऊन काय विचारायचं ते सांगून गेली. मी म्हटलं, तू वकील व्हायला हवी होतीस.

"काका, एक डाव त्येला विहिरीवरनं वडून आणलाय," ती म्हणाली. "परत न्हाय व्हायाचं माज्यानं."

सकाळी भागोजी हात जोडून उभा राहिला. मी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, भागोजीने गोळ्या गावच्या दवाखान्यातून घ्यायच्या असतील तर उजवं दे, रत्नागिरीला जाऊन आणायच्या असतील तर डावं दे."

भागोजीने चमकून हौसाकडे पाहिलं. ती डोळे मिटून "व्हय महाराजा" म्हणत होती.

फुलं काही पडेनात. ऊन पायरीवर आलं. डावं जरासं हललं, तसा भागोजीने घाम पुसला. कंडक्टर आठवला असावा.

"काका," तो म्हणाला, "देवाला सवड हाय. कंपाउंडर बाराला खिडकी लावतो."

आणि चपला घालून दवाखान्याच्या वाटेला लागला.

मी फुलं काढायला हात पुढे केला, तर हौसा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काका. म्हयन्यानं परत लागतील."