दुसऱ्या ओळीने टाळलेला सूर

"आई, बाबांना स्वरमेळ जमत नव्हता का गं?"

लेकीने लॅपटॉप कंपाउंडरबाईंकडे वळवला. पडद्यावर मास्तरांची गाणी होती आणि त्यांवर लाल ठिपके, गोवर उठल्यासारखे.

बाई चष्मा पुसून पाहू लागल्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. गायकवृंदासाठी त्यांनी लिहिलेली गाणी आता छापायची होती, म्हणून चार गट एकाच वेळी गातात त्या चारही ओळींचे सूर एकमेकांशी जुळतात का, हे लेकीने कॉम्प्युटरला तपासायला दिलं होतं. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवण्यात त्यांची हयात गेली होती. संध्याकाळी त्या मास्तरांच्या गायकवृंदात दुसरी ओळ गायच्या, आणि मास्तर त्यांना एकदाही शाबास म्हणाले नव्हते.

लेक पियानोशी गेली. "ही काळी पट्टी बघ. दुसऱ्या ओळीला हा सूर हवा असतो आणि नेमके तेव्हाच बाबा तिला खाली उतरवतात. मेळ अर्धवटच राहतो. पहिल्या गाण्यात बरोबर आहे, नंतर प्रत्येकात हेच! कॉम्प्युटर सगळं दुरुस्त करून देतो. करू?"

तिने पट्टी दाबली आणि बाईंनी तो सूर ओळखला.

लग्नाआधीची ती पहिली तालीम. त्या पहिल्याच गाण्यात, याच सुरावर त्यांचा आवाज चिरकला होता आणि सगळे खो खो हसले होते. मास्तर तेवढे हसले नव्हते. "पुढे चला," एवढंच म्हणाले होते. ते गाणं त्यांनी पुन्हा घेतलं नाही, आणि बाईंचा आवाजही त्यानंतर कधी चिरकला नाही. रियाजाने आपला गळा सुधारला, असं बाई जन्मभर मानत आल्या होत्या, शेजारणींना ऐकवतही आल्या होत्या.

म्हणजे गळा सुधारलाच नव्हता? या माणसाने गाणीच वाकवली आणि अवाक्षर काढलं नाही? रागवावं की रडावं, त्यांना कळेना. दोन्ही एकदमच येऊ पाहत होतं. गेलेल्या माणसाशी आता भांडायचं तरी कसं!

"आई, बोल ना. चुकाच आहेत ना या?"

बाई उठल्या. त्यांनी तीच पट्टी दाबली, तोंड उघडलं. आवाज चिरकला, अगदी तेव्हासारखाच.

लेक पडद्याकडे पाहत राहिली, मग आईकडे. ती हसली नाही.

"दुरुस्त नको करू?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी पट्टीवरचं बोट उचललं.

"पुढे चल," त्या म्हणाल्या.