डोक्यावरचा ऑक्टोपस

निवृत्त तिकीट तपासनीस असलेल्या काकांना सगळी गल्ली नियमकाका म्हणायची. त्यामुळे संरक्षित प्रवाळ बघायला गेल्यावर बोटीवरच्या गाइडबाईंनी "कशाला हात लावायचा नाही, कशावर पाय ठेवायचा नाही, अंगाला क्रीम फासून उतरायचं नाही," असं बजावलं, तेव्हा बाकीच्यांची तोंडं उतरली आणि काकांची कळी खुलली.

लाइफ जॅकेट चढवून, हात पोटाशी घट्ट धरून काका पाण्यावर पालथे पडले. खाली जांभळी, पिवळी प्रवाळं आणि त्यांतून सुळकन जाणारे मासे. काका बघण्यात अगदी हरवून गेले होते. तेवढ्यात फटीतून एक ऑक्टोपस वर आला आणि त्यांच्या टकलावर ऐसपैस बसला.

"अहो, झटका ना त्याला," काकू बोटीतून म्हणाल्या.

काकांनी तोंडातली श्वासाची नळी काढली. "हात लावायचा नाही."

"तुम्ही कुठे लावलाय? त्यानं लावलाय."

गाइडबाईंनी वॉकीटॉकीवर साहेबांना विचारलं. साहेबांनी बराच विचार करून सांगितलं, की संरक्षित प्राणी ज्यावर बसतो तेही संरक्षित. काकांच्या जवळ कुणीही जायचं नाही.

मग काकांभोवती तरंगती दोरी बांधली गेली. दुसऱ्या बोटी येऊन लांब थांबू लागल्या. लोक कुजबुजत बघत होते. काकूंनी बिस्कीट पुढे केलं, तर गाइडबाईंनी त्यांचा हात धरला.

"खायला घालायचं नाही. सवय लागते."

"ती मी लग्नातच लावून बसलेय," काकू म्हणाल्या.

काका आधी अवघडले, मग त्यांना बरं वाटू लागलं. आयुष्यभर त्यांना पाहिलं की लोक नजर चुकवून दाराकडे सरकत. इतक्या मायेनं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ऊन कललं तशा गाइडबाई दोरी तपासायला पाण्यात उतरल्या. ऑक्टोपसनं काकांचं टक्कल सोडलं आणि सरळ बाईंचा खांदा गाठला. बाई जागच्या जागी थिजल्या. काकूंनीच बोटीतल्या वॉकीटॉकीवर साहेबांना पुन्हा विचारलं. नियम तोच होता. पहाऱ्याला दुसरी बोट निघाल्याचंही त्यांनी कळवलं.

"तुम्ही व्हा पुढे," बाई हताशपणे म्हणाल्या. "बोट चालवता येते ना कुणाला?"

"परवाना नाही माझ्याकडे," बोटीत चढत काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या हातात वल्हं दिलं. "याला लागत नाही. आणि आता तुम्ही संरक्षित राहिला नाहीत. मारा."