पिंकी पडली नव्हती

पालमजवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेवर सिद्धोधन शिक्षक होता. बारा वर्षांच्या नोकरीत त्यानं एकाही लेकरावर हात उचलला नव्हता. गावातले लोक हे कौतुकानं सांगायचे, आणि ते ऐकायला त्याला आवडायचं.

त्या आठवड्यात त्याची बायको राजेश्री सेलूला गेली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पालमच्या भाड्याच्या घरात तो आणि पाच वर्षांची पिंकी, दोघंच. सोमवारी दुपारी पिंकीला ताप भरला. त्यानं मेडिकलमधून औषध आणलं, मापानं पाजलं, मऊ भात भरवला. राजेश्रीला फोनवर म्हणाला, "तू कायी काळजी करू नको. मी हाय ना."

रात्री दीडच्या सुमाराला किंकाळीनं तो दचकून उठला. पिंकी पलंगावर ताठ बसली होती. डोळे सताड उघडे, नजर कोपऱ्यावर.

"ते चढायलंय! वर चढायलंय!"

"काय चढायलंय? कायी न्हाई तिथं, बाळा." त्यानं ट्यूब लावली. उजेडानं ती अजूनच बिथरली. त्यानं जवळ ओढलं, तर तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला ओळखलंच नाही.

"ह्यो कोण हाय? ह्याला बाहेर काढा! मम्मी!"

तिनं त्याच्या गळ्यावर नखं ओढली. अंग नुसतं भाजत होतं. त्यानं तिचे खांदे धरून गदागदा हलवलं. "पिंके, मी पप्पा. बघ माझ्याकडं. बघ म्हणतो ना!" ती बघत होती, पण त्याच्या आरपार. ताप डोक्यात गेला, पोरगी हातची गेली, असं त्याला वाटलं. आणि त्यानं तिच्या गालावर चापट मारली. जोरात.

तिला जागं करायला मारली, असं नंतर त्यानं स्वतःला कितीतरी वेळा सांगून बघितलं. पण मारताना राग आला होता. सख्खी पोरगी आपल्याला ओळखत नाही, याचा राग. हे त्याला नीट माहीत होतं.

पिंकी श्वास कोंडेपर्यंत रडायला लागली. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या सगुणाबाई होत्या. साठीच्या पुढच्या, चार लेकरं आणि सात नातवंडं वाढवलेल्या. दोन्ही घरांना भिंत एकच, तिकडचं सगळं इकडं ऐकू यायचं.

"आधी ती ट्यूब बंद करा, गुरुजी. बाहेरच्या खोलीतला उजेड पुरे." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "हलवू नका तिला. डोळे उघडे दिसायलेत, पण पोरगी झोपंतच हाय. तापात होतं असं. कोमट पाणी आणा आन् एक फडकं."

त्यांनी पिंकीला कवेत घेतलं नाही की काही समजावलं नाही. ती पलंगावरून खाली येऊ नये एवढाच हात आडवा ठेवला आणि एकाच सुरात, हळू आवाजात बोलत राहिल्या. "हाय बाई, आमी इथंच हाय. आपल्या घरात हाय तू. हाय, हाय." सिद्धोधन तिचे तळवे, पोटऱ्या पुसत होता. थोड्या वेळानं ती आपणच आडवी झाली.

तिच्या डाव्या गालावर बोटं उठली होती. सगुणाबाईंनी ती पाहिली. त्याच्याकडं मात्र पाहिलं नाही.

"जाग आली की घोट घोट पाणी पाजा. सकाळी दवाखान्यात न्या," एवढं बोलून त्या गेल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सकाळी पिंकीला काहीच आठवत नव्हतं. "पप्पा, माझा गाल दुखायलाय."

"रात्री पलंगावरून पडलीस तू, बाळा. मी उचललं तुला." इतक्या सहज तोंडातून आलं की तो स्वतःच चपापला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. रात्रीचं ऐकून म्हणाले, "जास्त तापात काही मुलं अशी बरळतात, घाबरतात. ओरडू नका, जबरदस्तीनं उठवू नका, जवळ शांत बसा. पण झटके आले, मान कडक झाली, किंवा ताप उतरल्यावरही ती भानावर नाही आली, तर तडक घेऊन या." मग म्हणाले, "गालाला काय झालं?"

"मी पडले," पिंकीच म्हणाली. "पप्पांनी उचललं मला."

सिद्धोधन खाली फरशीकडं बघत राहिला.

सकाळी फोनवर कळल्यावर दुपारच्या एसटीनं राजेश्री आली. पिंकीनं तिलाही तेच सांगितलं. "कशी पडलीस गं?" राजेश्रीनं विचारलं. पिंकी बापाकडं वळली. उत्तर त्याच्याकडं होतं ना. शाळेत एखादं लेकरू फळ्यासमोर अडलं की असंच त्याच्याकडं बघायचं.

"पलंगावरून," तो म्हणाला.

त्या रात्री पुन्हा तसंच झालं. पिंकी ओरडत उठली, राजेश्री घाबरून तिला कवटाळायला धावली. सिद्धोधननं तिला हळूच थांबवलं. दिवा मंद ठेवला, पलंगाशी टेकला, हात आडवा ठेवला. "हाय बाळा, आमी हाय. घरात हाय तू." पिंकीनं त्याला ढकललं, चावली. त्यानं आवाज चढू दिला नाही. पाव तासानं ती निजली.

राजेश्रीनं डोळे पुसले. "मी उगंच घाबरले. तुमी किती शांत राहिलात हो."

त्याला ते सहन झालं नाही. "राजेश्री, ती पडली न्हाई. काल मी मारलं तिला."

राजेश्रीनं पोरीच्या कपाळावरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "मारलं ते मारलं. पण तिच्या तोंडून खोटं वदवलंत. डॉक्टरसमोर, माझ्यासमोर. आधी तिला सांगा."

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. गुरुवारी ताप उतरला. पिंकी ओट्यावर बसून दूध-चपाती खात होती. सिद्धोधन तिच्यापुढं उकिडवा बसला.

"पिंके, तू पलंगावरून पडली नव्हतीस. तू तापात ओरडत होतीस, मी घाबरलो, रागावलो आन् तुला मारलं. मग खोटं बोललो. चूक माझी हाय, तुझी न्हाई."

पिंकीनं घास गिळला. गालाला हात लावला. "लय जोरात?"

"हो. लय जोरात."

"परत मारणार?"

"न्हाई."

तिनं थोडा विचार केला. तिला वेगळंच काही खुपत होतं. "पण मी सगुणा आजीला पडले म्हणून सांगितलंय. ते खोटं झालं ना? आता परत सांगावं लागंल."

"मी सांगतो."

"मी पण येते. आन् डॉक्टरला पण सांगा."

तिनं हात फ्रॉकला पुसले आणि त्याचं बोट धरलं. सगुणाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. सिद्धोधन त्यांच्यासमोर उभा राहिला. सगुणाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि त्याच्याकडं पाहिलं. पिंकीनं त्याचं बोट ओढलं.

"सांगा ना, पप्पा."