रंजीताबाईंचं थांबणं

या मंडळी, टाळ खाली ठेवा आणि जरा जवळ सरकून बसा. मोहाच्या झाडाखालची एक गोष्ट सांगायची आहे.

इंदुताई सावली गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सत्कारासाठी चांगले शिक्षक निवडायचे म्हणून शिक्षकांच्या कामाच्या फायली तपासायला त्यांना आणि गुणवंतराव नावाच्या आणखी एका गुरुजींना बोलावलं होतं. गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या शाळेच्या रंजीताबाईंना गुणवंतरावांनी भरभरून गुण दिले, इंदुताईंनी जेमतेम. फाईल तीच, बाई तीच! इंदुताईंनी फाईल पुन्हा उघडली. आपल्या हातून कुणावर अन्याय झाला तर देवाला काय तोंड दाखवायचं? शेवटी दोघांनी ठरवलं, वर्ग प्रत्यक्ष बघायचा, दिसेल ते वेगवेगळं लिहायचं आणि मगच ताडून पाहायचं.

गेले, तर शाळेला कुलूप. गुणवंतराव ओशाळून म्हणाले, "मी एवढे मार्क देल्ले, अन् बाईनं मलेच तोंडावर पाडलं."

"मोहाचे दिवस हायेत, भाऊ. पोरं कुठी असतीन, थे मी सांगू तुमाले?" इंदुताई म्हणाल्या.

पोरं झाडाखालीच होती. पहाटेपासून फुलं वेचत होती, आणि शाळाही तिथंच आली होती. दुर्गा नावाची पोर घरची गोंडी गोष्ट मराठीत सांगत होती. एका शब्दाशी अडली. रंजीताबाईंनी तो सांगितला नाही, फुलं वेचत राहिल्या. इंदुताईंच्या ओठांवर आलेला शब्द त्यांनी कसाबसा गिळला. पोरीनं झाडाकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं, आणि शब्द सापडला तशी तोंडभर हसली.

दोघांनी आपापलं लिहून कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर पहिली ओळ एकच होती, बाई थांबतात.

"आता भांडाले काई उरलं नाई, ताई," गुणवंतराव म्हणाले.

इंदुताईंनी रंजीताबाईंना विचारलं, हे थांबणं कुठं शिकलात?

"या गावातल्या बुधरीबाईजवळ. मी इथी आली तवा मले गोंडी येत नव्हती. मी अडली का थे सांगे नाई. फुलं वेचत राहे, मले शब्द सापडतवरी. मांगच्या साली थे देवाघरी गेली. हे झाड तिचंच."

त्या झाडाखालची टोपली पोरांनी वेगळी भरली होती, बुधरीच्या घरी पोचवायला. इंदुताईंनी चपला काढल्या, वाकून ओंजळभर फुलं वेचली आणि त्या टोपलीत घातली.

मंडळी, रंजीताबाईंचा सत्कार होईल तेव्हा टाळ्या वाजवाच. पण त्याआधी क्षणभर थांबा, आणि बुधरीला आठवा.