वालेंती खाण, गेट नंबर दोन

चमच्यातला तो एक वाटाणा फुटला नव्हता. बाकीचे सगळे सूपात विरघळून गेले होते. हा मात्र गोल, हिरवा, निर्लज्जपणे एवाल्डकडे बघत होता, आणि एवाल्ड त्याच्याकडे... बॉयलरमध्ये टाकायच्या बारीक कोळशालाही इकडे, पोलंडच्या सायलेशियात, वाटाणाच म्हणतात, आणि बायकोने, उर्शुलाने, परवापासून वाटाण्याच्या सूपाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

"घरात कुठला तरी वाटाणा यायला हवा ना," ती म्हणाली. दोन स्वेटरांवर कोट चढवून ती ब्रेड कापत होती.

"येईल."

"मी कुठे काय म्हटलं?"

हिला कळलंय का? कळलं असेल तर ती अशीच बोलेल, आणि कळलं नसेल तरीही अशीच — इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या या एकाच सुराचा अर्थ त्याला कधी लावता आला नव्हता. त्याने वाटाणा गिळला आणि व्याख्यानाला निघाला.

गावच्या वाचनालयाच्या दारावर त्याचाच फोटो होता. ग्रंथपाल एवाल्ड सांगणार : पैसे भरण्याआधी — ऑनलाइन कोळसा विकणारे भामटे कसे ओळखाल? फोटोतला एवाल्ड हसत होता. त्याला हसायला काय जातं. पोस्टर छापायला गेलं तेव्हा त्याचे पैसे अजून बँकेत होते... खऱ्या एवाल्डने नंतर, त्याच आठवड्यात, ते अशाच एका वेबसाइटवर भरले. आणि अडाणीपणाने नव्हे, एकेक खूण तपासून भरले, हे तर कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. भाव फार कमी? हंगाम संपत आलाय, माल काढायचा असेल. कोळसा दारात आल्यावर पैसे देण्याची सोय 'तात्पुरती बंद'? बिचाऱ्यांकडे माणसं नसतील. वेबसाइट जेमतेम महिन्याची? जन्माला कधीतरी यावंच लागतं. मजकूर कुठल्याशा यंत्राने भाषांतर केलेला — 'पर्यावरणस्नेही मटार, अत्यंत गरम' — यावर तो मनापासून हसला होता आणि हसल्यामुळे दुकानाविषयी त्याला माया वाटू लागली होती. प्रत्येक आरोपाला भामट्याच्या वतीने वकीलपत्र घेऊन उत्तर दिलं ते त्यानेच, फुकट. आणि सर्वांत खाली पत्ता : वालेंती खाण, गेट नंबर दोन. त्याच गेटातून वडील आयुष्यभर आत गेले, काळे होऊन बाहेर आले... खाण बंद झाली तेव्हा निरोपाच्या मिरवणुकीत, खाणकामगारांच्या बँडच्या मागे चालणाऱ्यांत एवाल्डही होता. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. ज्या खुर्चीवर बसून त्याने तो पत्ता वाचला, ती खुर्ची त्याच दुकानातली होती. तरीही बोट आपोआप पुढे गेलं — वालेंतीचं नाव लावून कोण खोटं बोलेल?

व्याख्यान चांगलं झालं. घाई करणारा विक्रेता, नोंदणी क्रमांक, आगाऊ रक्कम... लोक खसखशीचा केक खात माना डोलवत होते. शेवटी ओटिल्यामावशी, वडिलांच्या पाळीतल्या एकाची विधवा, फोन घेऊन टेबलाशी आली.

"हे बघ रे. भरू ना?"

मटार. अत्यंत गरम.

"नको, मावशी. फक्त आगाऊच पैसे मागतायत, बघा."

"माणसं नसतील त्यांच्याकडे."

"वेबसाइट नवी आहे."

"तूही नवा होतास कधीतरी. पत्ता बघ ना. आमचे हे याच गेटने जायचे."

"खाण बंद झाली, मावशी."

"मला सांगतोस? बँडच्या मागे सगळ्यांत मोठ्याने मी रडत होते." बोट बटणाच्या वरच होतं. "कुणीतरी मागचं गोदाम घेतलं असेल."

हेच गोदाम एवाल्डनेही बांधलं होतं, मनात, छपरासकट.

"माझाही कोळसा तिथूनच यायचाय," तो कसाबसा म्हणाला.

मावशीचा चेहरा उजळला. "मग आधी बोलायचं नाही का? अगं हेल्गा, एवाल्डनेपण इथूनच घेतलाय. काढ फोन."

हॉलभर फोन निघाले. त्याच्या कुठल्याही व्याख्यानाचा इतका तत्काळ परिणाम आजवर झाला नव्हता. कुणीतरी पत्ता मोठ्याने वाचला, मागच्या रांगेतून हेल्गाने गेटचा नंबर पुन्हा विचारला — आणि एवाल्डने मावशीच्या फोनवर पालथा हात ठेवला, गरम तव्यावर ठेवावा तसा.

"फसलोय मी," तो म्हणाला. आवाज फार मोठा निघाला. "पैसे गेले. फोन उचलत नाहीत. कोळसाबिळसा काही नाहीये."

कुणीतरी उष्टा केक परत बशीत ठेवला.

"पण पोस्टरवर तर तूच आहेस," हेल्गा म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"हो."

"उर्शुलाला माहीत आहे?" मावशीने हळूच विचारलं.

त्याने मान हलवली. होकार की नकार, हे त्यालाही ठरवता आलं नाही. कान तापले होते, मान तापली होती, आणि तरी या सगळ्याखाली काहीतरी सैल होत होतं... निदान आता संपलं, बोलून झालं, त्याला वाटलं.

बाहेर एक ट्रक गियर बदलत वळणावर चढला. हॉलमधल्या कुणीही तिकडे पाहिलं नाही. एवाल्डची मान मात्र, त्याला विचारल्याशिवाय, खिडकीकडे वळली होती — आणि सगळे त्या मानेकडे बघत होते. आपण अजून वाट बघतोय, हे त्याला त्या सगळ्यांबरोबरच कळलं.