मांडीतली नळी

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये श्यामकांतचं पाण्याच्या पाइपांचं दुकान. सख्ख्या भावावर ज्याचा विश्वास नाही, तो डॉक्टरवर कुठून ठेवणार! मांडीतली रक्तवाहिनी तुंबली म्हणून तिथे कृत्रिम नळी बसवली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: माल डुप्लिकेट निघाला तर?

टाक्यांपाशी जरा कडक लागलं, तशी त्याने बायकोला घेऊन दवाखाना गाठला.

"शरीराला नळी परकी वाटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून ते तिच्याभोवती स्वतःचं मांस चढवतं, तिला जखडून टाकतं. थोडं कडक लागणारच."

"ते सोडा हो. नळी ओरिजिनल कशावरून?"

बाईंनी हसत फाइल उघडली. आत नळीच्या खोक्यावरचा स्टिकर लावलेला होता: परदेशी कंपनीचं नाव, नंबर, चकचकीत होलोग्राम.

"पटलं ना आता?" मालिनीने नवऱ्याला विचारलं.

श्यामकांतला दरदरून घाम फुटला. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून असलेच स्टिकर तो वर्षानुवर्षं लोकल पाइपांवर चिकटवत आला होता, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाला शंका आली नव्हती.