पाठीमागचा कोयता

बाळांनो, बसल्या जागी दोन्ही हात वर करा बघू. तसेच धरून ठेवा. आता समजा, तुमच्या पोटाला एक बांबू चिकटलाय, पाठीला दुसरा, काखेत तिसरा. हात खाली घ्यायला जागा नाही. पाय उचलावा तर घोटा दोन खुंटांच्या मध्ये रुतलेला. मान तेवढी वळते. मुंग्या मात्र खुशाल अंगावरून फिरतायत.

दुखायला लागले ना हात? प्रगतीचेही दुखत होते.

विवळवेढ्याचा डोंगर मागच्या दारातून दिसतो, अशा एका पाड्यावर ती राहायची. त्या वर्षी रूपीकाकीने परसातला एक वाफा तिला दिला होता. "हा तुझा. पाणी तू घालायचं, गवत तू काढायचं." प्रगतीने त्यात काकडी लावली. पाऊस लागला तसे वेल जमिनीवरून सैरावैरा धावायला लागले. आता मांडव हवा होता, आणि मांडवाला बांबू.

काकी तलासरीला रेशन आणायला गेलेली. तिचा कोयता दारामागे, लाकडी आकडीला अडकवलेला. आकडी म्हणजे कमरेच्या दोरीला बांधायचा लाकडी हूक. कोयता त्यात पाठीमागे लोंबतो आणि हात मोकळे राहतात. काकी तो बांधून निघाली की प्रगती तिच्याकडे बघत राहायची. काय रुबाब! त्या कोयत्याला हात लावायची प्रगतीला सक्त मनाई होती. तिने तो बांधला. दोरी काकीच्या कमरेच्या मापाची, म्हणून दोन वेढे घेतले, तरी ढिलीच राहिली.

घरामागच्या बांबूच्या बेटात मधोमध एक सरळ, हिरवागार बांबू होता. प्रगती अंग चोरून आत शिरली. पुढचे बांबू वाकवले, दोन पावलं टाकली, आणि वाकवलेले बांबू सुटून तिच्याच अंगावर परत आले. ती धडपडली, हात वरच्या वर अडकले, पाय खुंटांत गेला. कमरेची आकडी गर्रकन फिरली. कोयत्याची मूठ मागे कुठल्याशा फटीत अडकली आणि पातं मांडीच्या मागच्या बाजूला येऊन टेकलं. गार लागलं.

आणि तेव्हा तिला आठवलं. काकी चालताना कोयता पाठीला बांधायची खरी, पण बेटापाशी आली की आकडी सोडून बाहेरच्या फांदीला टांगायची. मग वाकून आत नीट बघायची, कोणता बांबू कशावर रेललाय ते. कोयता हातात घ्यायची ती सगळ्यात शेवटी. प्रगतीने रुबाब पाहिला होता, हे पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण लक्षात ठेवलं नव्हतं.

तिने हलून पाहिलं. पातं कापडातून आत रुतलं. ती थिजली.

शेजारचा काकड्या लंगडत चालायचा. कोयत्याने टाचेमागची शीर तुटली होती त्याची. पावसात उभा राहून तो दुसऱ्यांच्या पोरांचा खो-खो बघायचा.

"बाबा!" तिने हाक मारली. हळूच, कारण ओरडलं की पोट हलत होतं.

बाबा म्हणजे लडक्या. तो आला, पानांतून डोकावला. त्याला दिसले फक्त तिचं तोंड आणि वर केलेले हात. तो हसायलाच लागला. "काय गे, बांबूशी लगीन लावलंस काय? वऱ्हाडी कुठं आहेत?"

तेवढ्यात मागून, रेशन घेऊन परतलेल्या काकीचा आवाज आला. "लडकूभाऊ, माझा कोयता बघितलात काय? दारामागं नाय."

प्रगतीने मनात हिशोब केला. सांगितलं तर बाबांचा मार, आणि वाफा गेला तो गेलाच. नाही सांगितलं तर... कदाचित हळूच निघेल. कदाचित कोयता मागेच पडेल. कोणाला कळणार?

"असेल इथंच, वयनी. आधी या नवरीला काढतो." लडक्याने हाताला माती चोळली, तिची दोन्ही मनगटं घट्ट पकडली, एक पाय बेटाच्या बुंध्याला रोवला. "अंग सैल सोड. एका झटक्यात काढतो बघ."

त्याचे खांदे ताणले गेले.

"ओढू नका!" प्रगती किंचाळली. "काकीचा कोयता माझ्या पाठीला आहे! पातं मांडीला लागलंय!"

लडक्याचं हसू जागच्या जागी विझलं. त्याने मनगटं सोडली नाहीत, पण ओढलंही नाही. "हलू नको," तो म्हणाला, एवढ्या हळू की मुंगीलाही ऐकू गेलं नसतं.

काकी मागच्या बाजूने सरपटत आली. तिने आधी पात्याखाली आपल्या पदराची जाड घडी सरकवली, मग मूठ सोडवली, मग दोरी. कोयता बाहेर गेला, तेव्हा कुठे लडक्याने एकेक बांबू बाजूला धरून पोरीला मोकळं केलं. मांडीवर बोटभर ओरखडा होता, रक्ताचे चार थेंब. लडक्या मटकन खाली बसला.

"वाफा..." प्रगती पुटपुटली.

"वाफ्याचं मग बघू," काकी म्हणाली. "आधी जखम धू."

प्रगती लंगडत घराकडे गेली. अंगणात तिचा धाकटा भाऊ नविन कमरेला सुतळी बांधून, पाठीमागे गवताचा विळा लटकवून ऐटीत फेऱ्या मारत होता. "मी पण बांबू आणायला येतो!"

प्रगतीने जखम तशीच ठेवली. ती त्याच्यामागे गेली, गुडघ्यांवर बसली, एका हाताने विळ्याची मूठ घट्ट धरली, आणि मगच दुसऱ्या हाताने सुतळीची गाठ सोडायला लागली.